ठेकेदारी कामगार, युनियन आणि आपले साहित्य

कमी पगाराच्या कामगाराने युनियनमध्ये जावे की जाऊ नये, हा प्रश्न साहित्याच्या नियतकालिकात कशासाठी, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, दलित साहित्याने ज्या माणसाला प्रथम मराठी वाङ्मयात आणले तो माणूस आज ठेकेदाराच्या हजेरीपुस्तकात आहे. आणि त्याच्याविषयी आपण जी समीक्षा लिहिली तिने त्याची वेदना मोजली, त्याचा विद्रोह मोजला, पण तो एकटा आहे की संघटित आहे, हे फारसे पाहिले नाही. वेदना, विद्रोह आणि नकार हे तीन शब्द घेऊन आपण कथा-कवितांकडे गेलो. ‘संघटना’ हा चौथा शब्द आपल्या समीक्षेच्या शब्दकोशात यायचा राहिला. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ ही घोषणा आपण भिंतीभिंतीवर लिहिली. तिच्यातला पहिला शब्द आमच्यासारख्यांनी घेतला आणि पदव्या मिळवल्या; तिसरा मोर्च्यांनी घेतला; मधला मात्र जयंतीच्या वर्गणीपुरता उरला. हा लेख त्या मधल्या शब्दाविषयी आहे.

मी ज्या परिसरात राहतो तिथे हा प्रश्न पुस्तकी नाही. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र १९८३ मध्ये वीज देऊ लागले, आणि ऊर्जानगर ही त्याची वसाहत. आज या केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. मुंबई-पुण्याच्या दिव्यांमागे इथला कोळसा जळतो आणि त्याची राख इथेच राहते. या केंद्रात, शेजारच्या कोळसाखाणींत, किंवा देशातल्या अशा कोणत्याही मोठ्या उद्योगात आज दोन प्रकारचे कामगार असतात: कायम आणि ठेकेदारी. कोळसा दोघांच्याही नाकात सारखाच जातो. परंतु एकाजवळ सेवापुस्तक असते आणि दुसऱ्याजवळ मुदतीचा गेटपास. पट्ट्याखाली सांडलेला कोळसा उचलणे, राखेची कामे, बॉयलरच्या दुरुस्तीच्या वेळची अंगमेहनत, झाडलोट, गटारे ही कामे बहुधा दुसऱ्या प्रकारच्या माणसाकडे येतात. ही माणसे कोणत्या वस्त्यांतून येतात हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. गावगाड्यात जी कामे ज्यांच्याकडे होती, त्याच जातीची कामे त्याच माणसांकडे कारखान्यात नव्या नावाने आली. त्या कामांना आता ‘अकुशल’ म्हणतात, एवढाच फरक.

या माणसाला ‘युनियनमध्ये ये’ म्हटले की तो तीन उत्तरे देतो. पहिले: माझे पोट हातावर आहे, नाव कळले की उद्या गेटपास मिळणार नाही. दुसरे: युनियन कायम कामगारांची असते, ते वर्गणी आमच्याकडून घेतील आणि वेतनकरार स्वतःचा करतील. तिसरे: तो लाल बावटा आहे, आपला निळा. ही तिन्ही उत्तरे खोटी नाहीत. त्यांना ‘मागासलेली जाणीव’ असे नाव देऊन बाजूला सारणारे जे पुढारी आहेत त्यांनी या कामगाराला गमावले ते याच कारणाने. म्हणून या उत्तरांचा विचार केला पाहिजे, आणि तो करताना आपल्या साहित्याची मदत होते असा माझा अनुभव आहे.

पहिल्या उत्तरासाठी अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा पुन्हा वाचावी. विद्यार्थ्यांना ही कथा भयकथेसारखी आवडते: रात्र, स्मशान, कोल्ह्यांशी झुंज, प्रेताच्या तोंडात अडकलेली बोटे. समीक्षकांनी भीमाच्या अचाट शरीरबळाचे कौतुक केले, दारिद्र्याच्या भीषणतेविषयी लिहिले. परंतु ही कथा ज्या घटनेने सुरू होते ती घटना आर्थिक आहे. वारणेकाठचा भीमा मुंबईच्या उपनगरात येतो, खाणीत दगड फोडतो, आणि एक दिवस खाण बंद होते. बंद का झाली, केव्हा सुरू होणार, तोपर्यंत काय खायचे, हे त्याला कोणी सांगत नाही. विचारण्याची जागाही नाही. तो एकटा आहे, आणि एकट्या माणसाला जो मार्ग सुचतो तो त्याला सुचतो: जिवंतांच्या जगात मजुरी नाही, तर मेलेल्यांच्या राखेत सोने शोधायचे. शेवटी त्याची दोन बोटे जातात, आणि त्याच वेळी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. डोंगर फोडणारा भीमा लहान मुलासारखा रडतो.

या शेवटाला नियतीचा खेळ म्हणून वाचणे ही मोठी चूक आहे. यात नियती कुठे आहे? खाण बंद होणे आणि सुरू होणे हा मालकाच्या सोयीचा हिशेब आहे. त्या हिशेबाची खबर मजुराला सर्वांत शेवटी लागते, इतकेच. १९५८ मध्ये मुंबईला भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनात अण्णा भाऊंनी सांगितले होते की पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलितांच्या तळहातावर उभी आहे. तोच तळहात या कथेत निकामी होतो. लालबावटा कलापथकाचा हा शाहीर संपांचे कवन गात गावोगाव फिरलेला होता. संघटना म्हणजे काय हे त्याला शिकवावे लागत नव्हते. तरीही भीमाच्या कथेत त्याने कोणताही पुढारी आणला नाही, लाल सूर्योदय दाखवला नाही. संघटना नसलेल्या मजुराचे काय होते एवढेच दाखवले. म्हणून मला ही कथा संघटनेच्या बाजूने लिहिलेली मराठीतली अत्यंत प्रभावी कथा वाटते. ज्याला ‘गेटपास जाईल’ ही भीती आहे त्याला तिच्यातून एवढेच दिसावे की युनियनमध्ये न गेल्यानेही गेटपास जातो. ठेका संपला की जातो, ठेकेदार बदलला की जातो, मुकादमाची मर्जी फिरली की जातो. तेव्हा त्याच्यासाठी बोलणारे कोणी नसते, एवढेच.

फेब्रुवारी २०२२ मध्ये इथल्या वीज केंद्राच्या आवारात रात्री कामावरून परतणाऱ्या एका कामगाराला वाघाने मारले. जंगलाला लागून उभ्या असलेल्या उद्योगात असा धोका असणारच, असे म्हणून आपण पुढे जातो. परंतु रात्रपाळी सुटल्यावर कामगाराने घरी कसे जायचे, रस्त्यावर उजेड कोणी करायचा, वाहन कोणी द्यायचे, झुडपे कोणी तोडायची, हे प्रश्न कामाच्या अटींचे आहेत. ते एकट्याने विचारता येत नाहीत. ठेकेदाराला विचारले तर तो मूळ मालकाकडे बोट दाखवतो आणि मूळ मालक ठेकेदाराकडे. ठेका पद्धतीची सारी सोय या दोन बोटांत आहे.

आता दुसरे उत्तर: युनियन आपली नाही. इथे बाबुराव बागूल यांच्याकडे गेले पाहिजे. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ चा. त्यातल्या शीर्षककथेचा नायक रेल्वेत नोकरीला लागतो. नोकरी मिळाल्याचा, श्रमाचा, नव्या जगाचा त्याला केवढा आनंद आहे! यंत्रांच्या जगात जात कशाला विचारायची, अशी त्याची श्रद्धा आहे, म्हणून तो जात सांगत नाही. सोबतचे कामगार त्याच्यावर प्रेम करतात, त्याचे कवित्व ऐकतात, त्याला घरी नेतात. आणि जात कळताच तेच कामगार त्याला मारतात. मालक मारत नाही, पोलीस मारत नाहीत; कामगार कामगाराला मारतो. त्याला सोडवायला येतो तो त्याच्याच जातीचा, जात न चोरणारा काशिनाथ. आणि नायक म्हणतो की आपल्याला या माणसांनी नव्हे, मनूने मारले.

या कथेवर ‘वर्गजाणीव की वर्णजाणीव’ अशी चर्चा पुष्कळ झाली. एक बाजू म्हणाली, बघा, वर्गाचे ऐक्य हे थोतांड आहे. दुसरी बाजू म्हणाली, नायक शेवटी मारणाऱ्यांना दोष देत नाही, म्हणजे लेखक ऐक्याच्या बाजूचा आहे. माझ्या मते दोन्ही बाजूंनी कथेतली मोकळी जागा पाहिली नाही. मारहाण चालू असताना तिथे कामगारांची कोणतीही संघटना मध्ये पडत नाही. शेकडो माणसे एका छताखाली घाम गाळतात आणि त्यांच्यात ‘याला मारू नका, हा आपला सभासद आहे’ असे म्हणणारा एकही माणूस नाही. नायकाने जात चोरली ही गोष्ट शीर्षकात आली. पण त्याच्या सोबत्यांनीही काही चोरले होते. ते कामगार म्हणून वावरत होते आणि आत जात जपून होते. जो युनियनवाला आपल्या सभासदांच्या पोटातली जात बाहेर काढून तिच्याशी भांडत नाही त्याची युनियन अशा दिवशी कामाला येत नाही. आमचा ठेकेदारी कामगार ‘युनियन आपली नाही’ असे म्हणतो तेव्हा तो बागुलांचीच कथा आपल्या शब्दांत सांगत असतो.

पण मग काय करायचे? काशिनाथाप्रमाणे एकट्यानेच चाकू घेऊन फिरायचे? बाबासाहेबांनी हा प्रश्न आपल्याआधी सोडवायला घेतला होता, आणि त्यांचा मार्ग आज विसरला गेला आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणखात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. अस्पृश्याने तोंड लावलेला धागा सवर्ण विणकराला चालत नसे. विणखात्याचा पगार जास्त, म्हणून विटाळाचा भुर्दंड थेट पगारात पडे. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी गिरणी कामगारांच्या पुढाऱ्यांनी मागण्यांची यादी केली. तेव्हा बाबासाहेबांनी, विणखाते अस्पृश्यांना खुले करा ही मागणीही त्यात घाला, असा आग्रह धरला. नाही तर आमचे कामगार संपात राहणार नाहीत असे बजावले. पुढाऱ्यांनी ती मागणी नाखुशीने घेतली. मालकांनी उत्तर दिले की ही बंदी आम्ही घातलेली नाही. आणि ते खरेच होते. बंदी कामगारांनी घातलेली होती.

पुढच्याच वर्षीच्या संपाला बाबासाहेबांनी विरोध केला. एवढ्यावरून ‘बाबासाहेब संपविरोधी होते’ असे सांगणारे लोक डावीकडेही आहेत आणि उजवीकडेही. त्यांनी पुढचा इतिहास वाचावा. १९३६ मध्ये काढलेल्या पक्षाला बाबासाहेबांनी ‘स्वतंत्र मजूर पक्ष’ हे नाव दिले. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे आपले दोन शत्रू असल्याचे सांगितले. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात नव्हे, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांचा नकार, असा खुलासाही केला. तुम्ही कामगारांत फूट पाडता या आरोपाला तिथेच उत्तर दिले: फूट विशेष हक्क बळकावून बसलेल्यांनी पाडली आहे, न्याय मागणाऱ्यांनी नाही. आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला, संपाचा हक्क आवळणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध, स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या बरोबर एक दिवसाच्या संपात उतरला. मुंबईच्या पालिका कामगारांची युनियनही त्यांनी बांधली. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात ते मजूर खात्याचे सभासद होते, आणि १९४३ मध्ये मालकाने युनियनला मान्यता देणे बंधनकारक करणारे विधेयक त्यांनी मांडले.

या साऱ्याचा एकत्र अर्थ काय? बाबासाहेबांनी ‘युनियनमध्ये जाऊ नका’ असे सांगितले नाही. ‘मुकाट्याने जा’ असेही सांगितले नाही. त्यांनी सांगितले ते हे की आपली मागणी हातात घेऊन जा, आणि ती यादीत आल्याशिवाय आपले संख्याबळ फुकट देऊ नका. युनियनच्या दारात उभे राहून आत बोलावण्याची वाट पाहणारा माणूस त्यांना नको होता, आणि आत जाऊन सतरंज्या उचलणाराही नको होता. हा तिसरा मार्ग आहे. आमच्या कार्यकर्त्यांनी त्याची जागा पुढे ‘लाल की निळा’ या वादाला दिली.

तेव्हा तिसरे उत्तर, झेंड्याच्या रंगाचे. दलित पँथरने १९७३ च्या जाहीरनाम्यात दलित या शब्दात कामगार, भूमिहीन शेतमजूर, आदिवासी, स्त्रिया अशा सर्व पिळल्या जाणाऱ्यांना घेतले. त्यावरून झालेली भांडणे आपल्याला पाठ आहेत. नारायण सुर्वे यांच्या ‘माझे विद्यापीठ’ या १९६६ च्या संग्रहाकडे आपल्यातल्या काहींनी याच कारणाने दुरून पाहिले: कविता चांगली, पण झेंडा दुसऱ्याचा. सुर्व्यांच्या कवितेत कामगार रस्त्यावर, चाळीत, संपात शिकतो. त्याला सोबती असतात, आणि त्या सोबत्यांमुळे तो जगाकडे मान वर करून पाहतो. ही मान वर करणे आपल्या साहित्याला परके नाही. मात्र सुर्व्यांच्या कामगाराला नाका, गिरणी, भोंगा आणि कायम ओळख असलेली चाळ आहे. आजच्या ठेकेदारी कामगाराला यांतले काहीच नाही. तो आज या ठेकेदाराकडे, सहा महिन्यांनी दुसऱ्याकडे. त्याचे विद्यापीठ वर्ग भरायच्या आतच बंद होते. म्हणून सुर्व्यांची कविता जशीच्या तशी त्याच्या हाती देऊन भागणार नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (१९८७) मध्ये या नव्या कामगाराच्या जवळ जाणारा एक भाग आहे: लातूरच्या सूतगिरणीतले काम, कामगारांना एकत्र करण्याची धडपड आणि त्यापायी सोसलेली बेकारी. गुन्हेगार ठरवलेल्या जमातीतला तरुण संघटनेत येतो तेव्हा त्याला प्रथमच चोर या ओळखीखेरीज दुसरी ओळख मिळते. ‘उचल्या’वरच्या चर्चेत भूक आणि पोलिसांची मारहाण यांना जेवढी जागा मिळाली तेवढी या भागाला मिळाली नाही.

संपांतून कामगाराचे वाटोळे झाले, असा एक युक्तिवाद नेहमी येतो, आणि दाखला १९८२ च्या गिरणी संपाचा देतात. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते, आणि ते हरले. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकात त्या पराभवानंतरचे घर आहे. ते घर पाहून कोणाही संवेदनशील माणसाला संपाची भीती वाटेल. परंतु त्या संपाच्या मागण्यांत पगारवाढीइतकीच एक मागणी होती ती १९४६ च्या कायद्याविरुद्धची, ज्या कायद्याने एकाच मान्यताप्राप्त युनियनला कामगारांच्या वतीने बोलण्याचा मक्ता दिला होता. कामगारांना नको असलेली युनियन त्यांच्या डोक्यावर होती, आणि हवी असलेली युनियन कायद्याच्या दृष्टीने नव्हतीच. बदली कामगारांना कायम करा हीही मागणी होती; तो बदली कामगार म्हणजे आजच्या ठेकेदारी कामगाराचा थोरला भाऊ. तेव्हा त्या पराभवातून ‘संघटना नको’ हा धडा निघत नाही. आपली संघटना निवडण्याचा हक्क कामगाराच्या हातात नसेल तर काय होते, हा निघतो.

आणि हरलेल्या लढ्यांचेच दाखले का द्यावेत? गडचिरोलीच्या पूर्वेला, सीमेपलीकडे, छत्तीसगडात दल्ली-राजहरा आहे. भिलाई पोलाद कारखान्याच्या त्या लोहखाणींत हजारो ठेकेदारी मजूर होते, पुष्कळसे आदिवासी, त्यांत बायाही. १९७७ मध्ये, प्रस्थापित युनियनांनी केलेल्या करारात कायम कामगाराला एक बोनस आणि ठेकेदारी मजुराला त्याच्या मानाने फारच थोडा, हे पाहून ते त्या युनियनांतून बाहेर पडले. घरी मात्र बसले नाहीत. शंकर गुहा नियोगी यांना बरोबर घेऊन त्यांनी स्वतःची युनियन केली. जून १९७७ च्या गोळीबारात ११ माणसे गेली. तरी युनियन टिकली. दारूविरुद्ध उभी राहिली. मजुरांच्या पैशातून आणि श्रमातून १९८३ मध्ये शहीद रुग्णालय उभे केले. त्यांचा झेंडा लाल-हिरवा होता. २८ सप्टेंबर १९९१ ला नियोगींचा खून झाला. ज्याला ‘युनियन कायम कामगारांची’ वाटते त्याने दल्ली-राजहराच्या मजुरांनी त्यावर काय उपाय केला हे पाहावे.

दुसरा दाखला आपल्याच राज्यातला आणि आपल्याच माणसांचा. मुंबईत महापालिकेचा कचरा उचलणारे ठेकेदारी कामगार बहुतांशी दलित. त्यांची ‘कचरा वाहतूक श्रमिक संघ’ ही युनियन मिलिंद रानडे आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९० नंतरच्या दशकात बांधली. वर्षानुवर्षे न्यायालये, मोर्चे आणि कागदपत्रे यांची झुंज दिल्यानंतर एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने सुमारे २७०० कामगारांच्या कायम होण्याचा मार्ग मोकळा झाला. हा निकाल एकेकट्या २७०० अर्जांनी मिळाला नसता. मधल्या काळात किती कामगार आजाराने गेले असतील याचा विचार मनात येतोच, आणि तो या विजयाच्या बेरजेतून वजा केला पाहिजे. तरीही, झाडू मारणारा माणूस संघटित होऊ शकत नाही, या समजुतीला उत्तर मिळाले आहे.

कायद्याच्या भरवशावर राहावे, असे काही सुशिक्षित म्हणतात. कायद्याचा प्रवास पाहू. १९७० चा ठेका कामगार कायदा झाला तेव्हा त्याच्या नावातच ‘उच्चाटन’ हा शब्द होता. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ठेका पद्धत एखाद्या कामावर बंद झाली तरी तिथला कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही. चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. ठेका कामगारांविषयीच्या तरतुदी पूर्वी २० कामगारांपासून लागू होत, आता ५० पासून होतात. ठेका लहान ठेवून कायद्याबाहेर राहण्याची युक्ती जुनीच आहे, तिला आता जागा मोठी मिळाली. संपाला सर्व उद्योगांत किमान १४ दिवसांची नोटीस लागते. निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी ठरवून रजा घेतली तर तोही संप धरला जातो. वाटाघाटीचा एकमेव हक्क ५१ टक्के सभासद असलेल्या युनियनला. म्हणजे १९४६ च्या त्या मक्त्याचा प्रश्न नव्या रूपात परत आला आहे. ठेकेदारी कामगार कोणाच्या पटावर मोजला जाणार, ठेकेदाराच्या की जिथे तो राबतो तिथल्या, यावर त्याचा आवाज ऐकू येणार की नाही हे ठरेल. संख्या जिथे हक्क ठरते तिथे बाहेर राहणे हा स्वाभिमान होत नाही.

इथे आमच्यासारख्यांविषयीही बोलले पाहिजे. माझ्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. माझ्या वडिलांनी आयुष्य एका ठेकेदाराच्या हजेरीवर काढले. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत कोणत्याही युनियनची पावती नव्हती. मी नोकरीला लागलो आणि पहिल्याच महिन्यात प्राध्यापकांच्या संघटनेचा सभासद झालो. त्यासाठी मला कोणी धैर्यवान म्हटले नाही. वेतन आयोग, रजा, निवृत्तिवेतन यांसाठी संघटना लागते हे शिक्षकाला, कारकुनाला, बँकेतल्या माणसाला कळते. तोच माणूस मजुराला सांगतो: पुढाऱ्यांच्या नादी लागू नको, काम बरे की आपण बरे. आमच्याही महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर राबणारे पदवीधर आहेत. तो आमचा ठेकेदारी कामगार. त्यात वस्तीतून शिकून आलेली आमचीच मुले आहेत. कायम शिक्षकांच्या मागणीपत्रकात त्यांची मागणी कितव्या ओळीवर असते हे प्रत्येकाने आपापल्या जागी तपासावे. विणखात्याचा प्रश्न गिरणीबरोबर संपलेला नाही.

म्हणून, कमी पगाराच्या कामगाराने युनियनमध्ये जावे काय, याला माझे उत्तर ‘जावे’ असे आहे. परंतु ते अटींसह. वेतनाच्या करारात ठेकेदारी आणि कायम यांची मागणी एका कागदावर असावी. कार्यकारिणीत झाडणारा, राख उचलणारा, पट्ट्याखालचा माणूस असावा, आणि बाई असावी. सभा अशा वेळी ठेवाव्यात की बाईला येता येईल. वर्गणीची पावती मिळावी आणि वर्षाचा हिशेब वाचून दाखवावा. कामाच्या जागी जातीवरून अपमान झाला तर युनियनने ते ‘खासगी भांडण’ समजू नये, कामाच्या अटींचा भंग समजावा. अशी युनियन नसेल तर दल्ली-राजहराच्या मजुरांप्रमाणे ती करावी. ‘आम्हाला हे जमणार नाही’ असे म्हणणाऱ्याला मी आपल्या वस्तीतल्या विहाराकडे पाहायला सांगतो. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी याच चांद्याच्या भूमीवर दीक्षा दिली, आणि त्यानंतर वस्त्यावस्त्यांत विहार उभे राहिले. ते कोणी बांधले? पावतीपुस्तक, सभेचे इतिवृत्त, कोषाध्यक्षाचा जाहीर हिशेब, भांडण झाले तर रात्री दोनपर्यंत बसून तोडगा, ही सारी विद्या मजुरी करणाऱ्या माणसांनीच आत्मसात केली. युनियन चालवायला याहून निराळी विद्या लागत नाही.

राहिली गोष्ट साहित्याची. आमच्या विद्यार्थ्यांत लिहिणारे आहेत. त्यांच्या कवितांत चिमणी येते, धूर येतो, बाबासाहेबांचे बोट येते. गेटपास, मुकादम, ठेका बदलण्याच्या महिन्यातली घरातली शांतता अजून क्वचितच येते. आणि युनियनची सभा तर येतच नाही. दहा माणसे एका खोलीत बसतात, त्यातली दोन एकमेकांच्या घरचे पाणी पीत नाहीत, एकाला उद्याच्या हजेरीची भीती आहे, एक मुकादमाचा खबऱ्या आहे, आणि तरी त्यांना एक अर्ज लिहायचा आहे, सह्या करायच्या आहेत. पहिली सही कोणी करायची? या एका प्रश्नात आपल्या समाजाचा केवढा भाग भरलेला आहे! अण्णा भाऊंनी भीमा एकटा का हरला ते लिहिले. बागुलांनी सोबती असूनही नायक एकटा का पडला ते लिहिले. त्या दोन कथांच्या पुढची कथा, ती पहिली सही करणाऱ्या माणसाची, अजून लिहायची आहे. आणि ती लिहिण्यासाठी त्या खोलीत जाऊन बसावे लागेल.